क्विल्टचे प्रदर्शन : कापड, टाका आणि शिवणारीचे नाव

क्विल्टचे प्रदर्शन म्हणजे पांघरुणांचा जाहीर मेळा. आपल्या गोधडीच्या कुळातले हे पांघरूण अमेरिकेत आणि युरोपात पिढ्यान्पिढ्या घरोघरी शिवले जात आले. गावातल्या चर्चच्या सभागृहात शनिवार-रविवारी भरणाऱ्या लहान प्रदर्शनात जेमतेम पन्नास-शंभर क्विल्ट टांगलेल्या असतात. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात दर वर्षी शरद ऋतूत भरणारा ‘इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल’ हे दुसरे टोक. तिथे काही दिवसांत हजारो माणसे येऊन जातात. आकार कोणताही असो, दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी असते. प्रत्येक क्विल्टशेजारी एक कार्ड लावलेले असते. त्यावर शिवणारीचे नाव, तिचे गाव, क्विल्टचे शीर्षक, लांबी-रुंदी, वापरलेला नमुना कोणाचा ही माहिती आणि चार ओळींची हकिगत छापलेली असते. शेकडो वर्षे हे काम बायकांनी निनावी केले. त्यामुळे प्रदर्शनाने या कलेसाठी काय केले, हे समजून घ्यायचे तर रंगांइतकेच या कार्डाकडेही लक्ष द्यावे लागते.

तीन थर आणि त्यांना बांधणारा टाका

क्विल्टला तीन थर असतात. वरचा थर दर्शनी, खालचा अस्तराचा आणि मध्ये कापसाचा, लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा भराव. हे तिन्ही थर एकमेकांना धरून ठेवण्यासाठी आरपार घातलेले टाके म्हणजे ‘क्विल्टिंग’. शेवटी चारही कडांना गोट लावून कापड बंद करतात. टाक्यांचा मूळ हेतू व्यवहाराचा होता. टाके नसतील तर भराव धुण्यात सरकतो आणि त्याचे गोळे होतात. पण तेच टाके पिसांच्या, वेलींच्या, जाळीच्या आकारात घातले की सपाट कापडावर उठाव येतो आणि उजेड-सावलीचे दुसरे चित्र तयार होते.

वरचा थर मुख्यतः तीन प्रकारे बनतो. कापडाचे तुकडे एकमेकांना शिवून केलेले जोडकाम म्हणजे पॅचवर्क. पायाच्या कापडावर पाने, फुले, पक्षी असे कापलेले आकार बसवून शिवले तर ते ॲप्लिक. तिसऱ्या प्रकारात कापड अखंडच ठेवतात आणि सगळी नक्षी केवळ टाक्यांतून उठवतात. जोडकामाच्या चौकोनी घटकाला ब्लॉक म्हणतात आणि या ब्लॉकना नावे असतात. नऊ चौकोनांचा ‘नाइन पॅच’ नवशिक्यांच्या हाताखालून हमखास जातो. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत नेलेला ‘लॉग केबिन’ १८६०च्या दशकात लोकप्रिय झाला. एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांचा ‘डबल वेडिंग रिंग’ हा १९२०-३०च्या दशकांतला लाडका नमुना. ही नावे ठाऊक असली की प्रदर्शनात फिरताना जुना नमुना कुठे आहे आणि शिवणारीने तो कुठे मोडला आहे, ते चटकन दिसते.

पलंगावरून भिंतीवर

थर शिवून ऊबदार कापड करण्याची कला फार जुनी आणि अनेक देशांची. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीत शिवलेली ‘ट्रिस्टन क्विल्ट’ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यावर ट्रिस्टन या युरोपीय दंतकथेतल्या वीराच्या आयुष्यातले प्रसंग भराव घालून उठावात शिवलेले आहेत. भारताचाही या इतिहासात मोठा वाटा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमध्ये पोर्तुगिजांसाठी रेशमी भरतकामाच्या क्विल्ट तयार होत आणि जहाजाने लिस्बनला जात. कोरोमंडल किनाऱ्यावरची छिटे युरोपात आणि पुढे अमेरिकेत इतकी मौल्यवान मानली गेली, की त्यांच्यावरची फुले कातरून साध्या पांढऱ्या कापडावर बसवण्याची ॲप्लिकची एक स्वतंत्र पद्धतच रूढ झाली.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शेतीच्या जत्रा भरू लागल्या. उत्तम बैलाला, उत्तम धान्याला बक्षीस मिळे, तसे घरी विणलेल्या-शिवलेल्या कापडालाही मिळू लागले. क्विल्ट घराबाहेर येऊन लोकांच्या नजरेखाली आली ती इथे. १८४६ मध्ये एलायस हाउ यांनी शिलाई यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत यंत्र घराघरांत पोचले. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या बायकांनी सैनिकांसाठी क्विल्ट शिवल्या आणि निधी उभारण्यासाठी भरवलेल्या मेळ्यांत त्या विकल्याही.

१९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्याच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट-स्पर्धा घेतली. मंदीचे दिवस होते. पहिले बक्षीस हजार डॉलरहून अधिक होते आणि सुमारे २४ हजार क्विल्ट स्पर्धेत आल्या. बक्षीस केंटकी राज्यातल्या एका क्विल्टला मिळाले आणि ती राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. ज्यांच्या नावावर ती स्पर्धेत आली होती, त्यांनी ती स्वतः शिवली नव्हती. मजुरीवर काम करणाऱ्या बायकांनी ती शिवली होती. बक्षिसाचा पैसा आणि मान यांतले काहीच त्यांच्यापर्यंत पोचले नाही. पुढे संशोधकांनी हा इतिहास खणून काढला. आजच्या प्रदर्शनांत जोडकाम एकीचे आणि टाके दुसरीचे असतील तर कार्डावर दोघींची नावे वेगवेगळी छापतात. ही पद्धत किती न्याय्य आहे, हे या जुन्या हकिगतीवरून कळते.

कलेच्या जगाने क्विल्टकडे वळून पाहिले ते १९७१ मध्ये. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हान डर हूफ यांनी जमवलेल्या क्विल्ट आधुनिक चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. रंग आणि आकार यांच्या बळावर त्या अमूर्त चित्रांच्या बरोबरीने उभ्या राहतात, हे प्रेक्षकांना आणि समीक्षकांना दिसले. त्या प्रदर्शनाबद्दल एक रास्त आक्षेपही पुढे घेतला गेला. क्विल्टला चित्राचा मान मिळाला, पण ती शिवणाऱ्या बाईचे आयुष्य आणि तिचा हेतू बाजूला राहिला. तरीही त्यानंतर क्विल्टची लाट आली. अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने १९७६ मध्ये तिला जोर दिला. ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी १९७९ पासून ‘क्विल्ट नॅशनल’ हे कलात्मक क्विल्टचे प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरू लागले. केंटकीतल्या पडूका या जेमतेम २७ हजार वस्तीच्या गावात १९८५ पासून ‘अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी’चे प्रदर्शन भरते. तिथे १९९१ मध्ये क्विल्टचे संग्रहालय उभे राहिले आणि २०१३ मध्ये युनेस्कोने गावाला हस्तकलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली.

प्रदर्शनाची मांडणी

बहुतेक प्रदर्शने स्थानिक ‘गिल्ड’ भरवतात. गिल्ड म्हणजे दर महिन्याला भेटणारे, एकमेकींना शिकवणारे क्विल्ट शिवणाऱ्यांचे मंडळ. सभागृहात उंच नळ्यांच्या चौकटी उभारून काळे किंवा पांढरे पडदे लावतात आणि त्यांपुढे क्विल्ट टांगतात. त्यासाठी क्विल्टच्या पाठीला वरच्या कडेशी साधारण चार इंच रुंदीची कापडी नळी शिवलेली असते. तिच्यातून दांडी गेली की वजन सारखे विभागले जाते आणि कापड ताणले जात नाही. ओरेगॉन राज्यातल्या सिस्टर्स या छोट्या गावाची रीत मात्र वेगळी. १९७५ पासून तिथे जुलैच्या दुसऱ्या शनिवारी शेकडो क्विल्ट दुकानांच्या आणि इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर उघड्यावर टांगतात. एका दिवसापुरते अख्खे गावच प्रदर्शन होते.

पाहायला येणाऱ्यांनी क्विल्टला हात लावू नये, हा सगळीकडचा नियम. हातावरचे तेल आणि घाम कापडात मुरतो, आणि शेकडो हात लागले की डाग कायमचा होतो. पाठ पाहायची असेल तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका असतात. त्यांना सांगितले की त्या कडेला धरून क्विल्ट उलटून दाखवतात. ही विनंती अवश्य करावी. वरची बाजू रंगसंगती सांगते, तर टाके सारखे पडले आहेत का, गाठी आत लपल्या आहेत का, दोरा कुठे संपून कुठे सुरू झाला, हे पाठीवरून कळते. शिवणारीचे नाव, साल आणि गाव लिहिलेली कापडी चिठ्ठीही पाठीवरच शिवलेली असते. छायाचित्र काढायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. पण ते प्रसिद्ध करताना शिवणारीचे नाव देणे आणि नमुना ज्याचा असेल त्याचा हक्क मानणे अपेक्षित असते.

क्विल्टच्या दालनाशेजारी दुकानांचे दालन असते. कापड, दोरे, कात्र्या, नमुन्यांची पुस्तके, यंत्रे असे सगळे तिथे मिळते. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचे कटर बाजारात आणले आणि कात्रीने एकेक तुकडा कापण्याचे तासन्‌तासांचे काम मिनिटांवर आले. चौकटीवर ताणलेल्या क्विल्टवरून ज्याचे तोंड चारही दिशांना फिरते, त्या ‘लाँगआर्म’ यंत्राची प्रात्यक्षिकेही इथे पाहायला मिळतात. गिल्डच्या सभासदांनी मिळून शिवलेल्या एका क्विल्टची सोडत निघते आणि तिच्या तिकिटांचे पैसे बहुधा गिल्डच्या कार्याला किंवा एखाद्या सेवाभावी कामाला जातात.

परीक्षक काय पाहतात

स्पर्धेतल्या क्विल्ट लोकांसाठी दारे उघडण्याआधीच तपासल्या जातात. परीक्षकांपासून शिवणारीचे नाव झाकलेले असते. हाताने घातलेले टाके, घरगुती यंत्रावरचे टाके, लाँगआर्मवरचे काम, ॲप्लिक, लघु क्विल्ट, कलात्मक क्विल्ट असे वर्ग वेगळे असतात, कारण या कामांना एकच माप लावणे अन्यायाचे ठरेल. आधी दुरून एकंदर परिणाम पाहतात आणि मग जवळ जाऊन कारागिरी. क्विल्ट सपाट टांगली जाते का, कोपरे काटकोनात आहेत का, त्रिकोणांची टोके शिवणीत दबून बोथट झाली आहेत का, गोट भरावाने पूर्ण भरलेला आहे का, आखणीच्या पेन्सिलीच्या रेषा राहिल्या आहेत का, हे सारे बघितले जाते. हाताच्या कामात इंचाला दहा-बारा टाके पडले तर ते उत्तम समजतात, पण संख्येपेक्षा सारखेपणाला मान अधिक. अमेरिकेत पहिल्या क्रमांकाला निळी फीत लावतात, दुसऱ्याला लाल. अनेक ठिकाणी परीक्षक लेखी अभिप्राय देतात. पुढची क्विल्ट शिवताना हा कागद फितीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

लोकर, सूत आणि माग

पुष्कळ प्रदर्शनांत क्विल्टबरोबर इतर धाग्यांच्या कलाही मांडतात. टकळीवर किंवा चरख्यावर लोकर कातणे, छोट्या मागावर विणणे, वनस्पतींच्या रंगांत सूत रंगवणे, विणकाम, क्रोशा, लेस अशी प्रात्यक्षिके तिथे चालू असतात. ओल्या लोकरीला साबणाच्या पाण्यात चोळून केलेला नमदा हे त्यांतल्या सर्वांत जुन्या कामांपैकी एक. लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि विणकामाशिवायच कापड तयार होते. केवळ लोकरीचे मोठे मेळेही असतात. मेरीलँड राज्यात १९७० च्या दशकापासून मे महिन्याच्या आरंभी मेंढ्या आणि लोकर यांचा मेळा भरतो. तिथे मेंढीची कातरणी ते विणलेले कापड हा सारा प्रवास एका आवारात दिसतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या धनगरांच्या मेंढ्या, सणगरांचे माग आणि चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दालनात ओळखीच्या खुणा लगेच सापडतात.

सोबतीने पाहणे

क्विल्टचे प्रदर्शन बहुधा मैत्रिणी-मैत्रिणींनी मिळून पाहिले जाते. या कलेचा स्वभावच सोबतीचा आहे. पूर्वी वरचा थर घरी एकटीने जोडून झाला की तो मोठ्या चौकटीवर ताणत आणि शेजारणी भोवती बसून टाके घालत. या बैठकीला ‘क्विल्टिंग बी’ म्हणत. प्रदर्शनातही दोन माणसांना वेगळे दिसते. शिवणारीची नजर आधी टाक्यांवर जाते आणि न शिवणारीची रंगांवर. एकीने दहा पावले मागे उभे राहून आकृती पाहावी, दुसरीने जवळ जाऊन शिवण पाहावी आणि मग जागा बदलाव्यात. अनेक ठिकाणी प्रेक्षकांच्या पसंतीसाठी मतपत्रिका असते. आधी आपापली आवडती क्विल्ट ठरवून मग एकमेकींना तिची कारणे सांगितली, की आवड नुसती आवड राहत नाही. तिला डोळसपणा येतो. मोठे प्रदर्शन एका दमात बघू नये. पहिल्या फेरीत सगळे नजरेखालून घालावे आणि दुसऱ्या फेरीत निवडक क्विल्टसमोर कार्ड वाचत थांबावे.

इतिहास सांगणाऱ्या क्विल्ट

काही क्विल्टनी कापडावर इतिहास लिहिला आहे. हॅरिएट पॉवर्स या जॉर्जिया राज्यात १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय बाई. त्यांनी ॲप्लिकमध्ये बायबलमधले प्रसंग शिवलेली क्विल्ट १८८६ मध्ये अथेन्स या त्यांच्याच राज्यातल्या गावी कापसाच्या मेळ्यात मांडली. चित्रकलेच्या शिक्षिका जेनी स्मिथ यांनी ती विकत मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे ओढाताणीच्या दिवसांत ती त्यांना पाच डॉलरना द्यावी लागली. स्मिथ यांनी एक मोलाचे काम केले. प्रत्येक चौकटीचा पॉवर्स यांनी सांगितलेला अर्थ त्यांनी लिहून ठेवला. म्हणून ती क्विल्ट आज स्मिथसोनियन संस्थेत शिवणारीच्या नावासह आणि तिच्या स्पष्टीकरणासह उभी आहे. बोस्टनच्या कला-संग्रहालयात असलेल्या त्यांच्या दुसऱ्या क्विल्टवर १८३३ मधल्या उल्कावर्षावासारख्या घटनाही शिवलेल्या आहेत.

अलाबामा नदीच्या वळणावरच्या जीज बेंड या वस्तीत गुलामांच्या वंशजांनी शेतात वापरून विरलेल्या कपड्यांतून क्विल्ट शिवल्या. त्यांत पट्ट्या सरळ नसतात, चौकोन झुकलेले असतात आणि तोच त्यांचा जोम आहे. १९६६ मध्ये या परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये जीज बेंडच्या क्विल्ट ह्यूस्टनच्या कला-संग्रहालयात आणि मग व्हिटनीत मांडल्या गेल्या. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटे काढली. १९७१ च्या प्रदर्शनात जे राहून गेले होते ते इथे झाले. रंगांबरोबर शिवणाऱ्या बायकांची नावे आणि त्यांचे बोलणे भिंतीवर आले.

एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेल्या क्विल्टचा आकार सगळ्यांत मोठा. तिची कल्पना क्लीव्ह जोन्स यांची. तिच्यातला प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण कबरीच्या मापाचा असतो आणि त्यावर गेलेल्या माणसाचे नाव असते. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. पुढे ते पन्नास हजारांच्या घरात गेले. ज्या आजाराने गेलेल्यांची नावे घ्यायला घरचेही कचरत होते, त्याच नावांची क्विल्ट देशाच्या राजधानीत सर्वांसमोर पसरली गेली.

गोधडीचे नाते

नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरातल्या ‘इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम’मध्ये अनेक देशांच्या क्विल्टचा मोठा संग्रह आहे आणि दक्षिण आशियातली पांघरुणेही त्यात आहेत. या भागात बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली असे अनेक प्रकार आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या ‘कवंदी’चा धागा थेट गोव्याशी जुळतो. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले काही गुलाम पळून सह्याद्रीच्या रानात वसले, आणि सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. कवंदी एका कोपऱ्यापासून कडेने शिवत आत नेतात आणि शेवटी कोपऱ्यांवर ‘फुल्ला’ म्हणजे कापडी फूल लावतात.

महाराष्ट्राची गोधडी याच पंक्तीतली. कुठे तिला वाकळ म्हणतात. तिच्यात बहुधा कापूस नसतो. जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर हाच भराव. ते थर धावदोऱ्याने बांधले जातात आणि टाक्यांच्या रांगा अनेकदा कडेशी सुरू होऊन चौकोनात आत सरकत जातात. लुगडे विरले तरी काठ टिकतो, म्हणून तो गोधडीच्या कडेला लागतो. गीता खंडेलवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांची पुस्तकरूपाने नोंद केली आहे. तरीही घरोघरच्या बहुसंख्य गोधड्या कोणी, कधी शिवल्या याची नोंद कुठेच नाही.

ही उणीव भरून काढायला मोठ्या संस्थेची वाट पाहायची गरज नाही. महिला मंडळाने, शाळेने किंवा ग्रंथालयाने गावातल्या गोधड्या दोरीवर टांगून मांडल्या तरी प्रदर्शन होते. कार्डावर पाच गोष्टी लिहाव्यात : शिवणारीचे पूर्ण नाव, गाव, अंदाजे साल, कोणाकोणाचे कपडे वापरले आणि गोधडी कोणासाठी शिवली. माहिती सांगणारी आजी-मावशी हयात असेल तर तिच्याच शब्दांत ती उतरवून घ्यावी, जशी जेनी स्मिथ यांनी घेतली. शिवाय घरातल्या प्रत्येक गोधडीच्या पाठीवर सुती कापडाची छोटी चिठ्ठी शिवून टाकावी, कारण कार्ड हरवते आणि टाक्याने धरलेले नाव कापडाबरोबर राहते.